मोटारीचे बिल आणि आपले बुजुर्ग

आमच्या पेठेत एक टेलर मास्तर आहेत. वय ७१. चाळीस वर्षे शेरवानी आणि कोट शिवले. माप घेताना अर्ध्या सुताचीही चूक होऊ दिली नाही. घरात बिबींची तब्येत ठीक नसते, महिन्यातून चार-पाच वेळा दवाखान्याची फेरी असते. शारजाहला असलेल्या मुलाने पैसे पाठवले आणि सांगितले, "अब्बा, जुनी गाडी काढा, एक छोटी नवी गाडी घ्या." मास्तर शोरूममध्ये गेले. चहा मिळाला, पाणी मिळाले, एक तरुण सेल्समन "चाचा, तुम्ही फक्त सही करा, बाकी सर्व आम्ही पाहतो" असे म्हणाला. मास्तरांनी सही केली. गाडी दारात आली, मिठाई वाटली गेली.

आठ दिवसांनी मास्तर बिलांचे पाकीट घेऊन आमच्या दुकानी आले. म्हणाले, "जरा वाचून सांगा, यात काय काय लिहिले आहे." इंग्रजी बारीक अक्षरांत होते. आम्ही गल्ल्यावर बसून एकेक कागद पाहिला आणि मग इकडेतिकडे विचारपूस केली. हिशेब जुळवल्यावर लक्षात आले की मास्तरांकडून ६२,००० रुपये जास्त घेतले गेले होते. ज्या माणसाने गिऱ्हाईकाचे उरलेले कापड वीतभर असले तरी घडी घालून परत केले, त्याच्यावर ही वेळ आली.

शोरूमचे नाव आम्ही देत नाही. हा एका दुकानाचा दोष नाही, ही धंद्याची रीत होऊन बसली आहे. मास्तरांसारखे बुजुर्ग आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. आपल्या समाजात मुले आखातात किंवा मुंबई-पुण्यात आणि गावी वृद्ध आईवडील, अशी घरे पुष्कळ. पैसा मुलाचा, सही बापाची. म्हणून या बिलाची चिरफाड वाचकांसमोर ठेवणे आम्हाला जरूर वाटते.

बिल कसे असते

मोटारीची एकच किंमत नसते. जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. जीएसटी तिच्यातच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्याआधी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. छोटी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. हा कर गाडीच्या किमतीत धरलेला असल्याने "जीएसटी वेगळा लागेल" असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

एक्स-शोरूम किमतीवर तीनच मोठ्या गोष्टी चढतात. पहिली राज्याचा मोटार वाहन कर, दुसरी नोंदणीची सरकारी फी, तिसरी विमा. गाडी १० लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस लागतो. तो २०१६ पासून आहे आणि तुमच्या पॅनवर जमा होतो. आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. पुष्कळ बुजुर्ग विवरणपत्रच भरत नाहीत आणि ही रक्कम सोडून देतात.

या तीन-चार बाबी सोडून बिलात जे काही दिसेल ते सरकारचे नव्हे, शोरूमचे आहे. ते घ्यायचे की नाही हे गिऱ्हाईकाने ठरवायचे असते.

मास्तरांचे बिल असे होते. गाडी ७,००,०००. आरटीओ खर्च ९२,५००. विमा ४८,९००. हँडलिंग चार्ज ८,५००. डॉक्युमेंटेशन २,५००. किट ९,८००. कोटिंग १४,०००. एकूण ८,७६,२००. आता एकेक ओळ पाहू.

आरटीओची ओळ

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. आपल्यातील जे व्यापारी कंपनीच्या नावाने गाडी घेतात त्यांना हा कर २० टक्के पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

मास्तरांच्या ७ लाखांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी ७७,००० रुपये होतात. मोटारीच्या नोंदणीची फी ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. गाडीवर कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० रुपये लागतात, मास्तरांवर कर्ज नव्हते. किरकोळ उपकर आणि टपाल धरूनही रक्कम ८०,००० च्या आत बसते. बिलात होते ९२,५००. हे वरचे साडेबारा हजार कशाचे, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तिथे द्यावे लागतात."

आज हे उत्तर टिकत नाही. कर आणि फी ऑनलाइन भरली जाते आणि तिची पावती निघते. कारखान्यात पूर्ण तयार झालेली नवी गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. विक्रेताच कागदपत्रे ऑनलाइन चढवतो. म्हणून गिऱ्हाईकाने एकच म्हणावे, "सरकारी पावतीवर जेवढे असेल तेवढे देऊ." हे एक वाक्य मास्तरांनी म्हटले असते तर साडेबारा हजार वाचले असते.

नंबर प्लेटचेही तसेच. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट उत्पादकानेच गाडीसोबत पुरवायची आहे. तिचे वेगळे दोन-तीन हजार कोणी मागितले तर ते देऊ नयेत. फास्टॅगची किंमत थोडी असते, उरलेली रक्कम डिपॉझिट आणि शिल्लक म्हणून तुमच्याच खात्यावर राहते.

हँडलिंग आणि डॉक्युमेंटेशन

हँडलिंग चार्ज म्हणजे गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च, असे सांगतात. आम्ही कापडवाले आहोत. सुरत किंवा भिवंडीहून गाठी येतात, ट्रान्सपोर्टचे भाडे आणि हमाली आम्ही भरतो. म्हणून काउंटरवर साडी विकताना "साडी १,२०० आणि हमाली ४० वेगळी" असे कधी बिल करतो काय? तो खर्च विक्रीच्या किमतीतच धरलेला असतो. मोटार वाहन कायद्यात किंवा नियमांत हँडलिंग नावाची फी नाही. डॉक्युमेंटेशन म्हणजे विक्रीचे कागद बनवणे, ते तर विकणाऱ्याचे कामच आहे. मास्तरांचे यात ११,००० रुपये गेले.

विम्याची ओळ

सर्वात जास्त गोंधळ इथे असतो. तिऱ्हाईत माणसाच्या नुकसानीचा विमा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात, तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो ३ वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे ३ वर्षांसाठी १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आणि त्यावर २४,५९६ रुपये, अधिक जीएसटी. हा भाग कुठेही घ्या, सारखाच पडतो.

फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्याला जोडलेल्या जादा कलमांत. झिरो डेप, इंजिन संरक्षण, चावी हरवणे, टायर, सामान अशी ही कलमे असतात. काही कामाची आहेत. नव्या गाडीला झिरो डेप घेणे शहाणपणाचे. पण चावी आणि सामानाचे कलम मास्तरांना कशाला? त्यांना ते आहे हेही माहीत नव्हते. हा भाग एकदम ३ वर्षांचा घेण्याची सक्तीही नाही, एका वर्षाचा घेता येतो.

शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असा कोणताही कायदा नाही. विमा नियामकाने २०१७ मध्ये विक्रेत्यांसाठी घालून दिलेल्या नियमांप्रमाणे गिऱ्हाईकाला विमा कंपनी निवडण्याची मोकळीक द्यायची आहे, सक्ती करायची नाही. "बाहेरून विमा आणलात तर गाडीची डिलिव्हरी लांबेल" किंवा "कॅशलेस होणार नाही" ही भीती मुद्दाम घातली जाते. कॅशलेस मिळणार की नाही हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरते, विमा कोणी विकला यावर नव्हे. आम्ही त्याच गाडीचा, तेवढ्याच विमा रकमेचा आणि झिरो डेपसह दर बाहेर विचारला. ३४,२०० रुपये. मास्तरांनी दिले ४८,९००. फरक १४,७०० रुपयांचा.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मास्तरांनी जुनी गाडी सहा वर्षे एकही दावा न करता चालवली होती. दावा न केल्याबद्दल विम्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकून नवी घेतली तर जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे, ते तीन वर्षे चालते. त्या पत्रावर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अर्धी सूट मिळते. थर्ड पार्टी भागावर मिळत नाही. शोरूममध्ये हे मास्तरांना कोणी विचारले नाही आणि त्यांनाही माहीत नव्हते. ती सूट आम्ही ६२,००० मध्ये धरलेलीही नाही.

बुजुर्ग लोक गाडी जपून चालवतात, त्यांचे दावे नसतात. म्हणजे या सुटीवर सर्वात जास्त हक्क ज्यांचा, नेमके तेच ती गमावतात.

किट, कोटिंग आणि वॉरंटी

मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, परफ्यूम आणि बसवण्याची मजुरी मिळून "किट" होते. त्याच वस्तू बाजारात निम्म्या किमतीत मिळतात, हे कोणताही ऍक्सेसरीवाला सांगेल. कोटिंगबद्दल तर काय सांगावे! आजची गाडी कारखान्यातून रंगाचे आणि गंजरोधक थर घेऊनच बाहेर पडते. वरून बाटलीभर द्रव फासून १४,००० घेणे म्हणजे धुतलेल्या कापडाला पुन्हा खळ लावून विकणे. मास्तरांना सांगितले गेले, "कंपनीचा नियम आहे, कोटिंगशिवाय गाडी देत नाही."

असा नियम नसतो. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटले आहे आणि तिच्याविरुद्ध तक्रार करता येते.

वाढीव वॉरंटी ही त्या मानाने कामाची चीज आहे. पण ती पहिल्या दिवशीच घेतली पाहिजे असे नाही. साधारणतः मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही घेता येते, उशिरा घेतली तर थोडी महाग पडते एवढेच. घरी जाऊन विचार करण्यास वाव आहे.

रोखीचे गिऱ्हाईक आणि कर्जाचे गिऱ्हाईक

आपल्यापैकी पुष्कळ जण व्याजाचा व्यवहार टाळतात आणि पूर्ण रक्कम देऊन गाडी घेतात. शोरूमला मात्र कर्जाचे गिऱ्हाईक आवडते, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेकडून त्यांना दलाली मिळते. ही दलाली बुडाली की ती कोटिंगमधून आणि विम्यातून वसूल करण्याकडे कल असतो. "फायनान्स घेतले तर २०,००० सूट, रोखीला नाही" असेही म्हणतात. अशा वेळी दुसऱ्या शोरूमचा दर आणावा. सूट देणे विक्रेत्याच्या हातात असते. विक्रेत्यांनी ठराविक मर्यादेबाहेर सूट देऊ नये म्हणून बंधन घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपये दंड केला होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. घासाघीस करणे लाजेचे नाही हे त्यावरून कळावे.

रोख म्हणजे नोटांचे पुडके नव्हे. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांत घेण्यास मनाई आहे. चेक किंवा बँकेमार्फत द्यावे आणि तेही विक्रेत्या कंपनीच्या खात्यात. सेल्समनच्या हातात किंवा त्याच्या फोनवर एक रुपयाही देऊ नये.

ज्यांना कर्ज घ्यावेच लागते त्यांनी "फ्लॅट" दरापासून सावध राहावे. समजा ५ लाख रुपये ५ वर्षांसाठी "फक्त ७ टक्के फ्लॅट" दराने दिले. व्याज १,७५,००० झाले, हप्ता ११,२५० रुपये. ऐकायला ७ टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण ५ लाखांवर लावलेले असते, त्यामुळे खरा दर सुमारे साडेबारा टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने कर्ज देणाऱ्याने सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे एक पत्रक देणे बंधनकारक आहे. ते मागावे. कर्जाबरोबर आयुर्विम्याची पॉलिसी गुपचूप जोडली असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

जुनी गाडी देताना

मास्तरांची जुनी गाडी शोरूमने बदल्यात घेतली. तिची किंमत कमी धरली की जास्त, तो वेगळा वाद. धोका दुसराच आहे. गाडी दिली, पण आरसी बुकावर नाव मास्तरांचेच राहिले. उद्या ती कोणी चालवली, अपघात झाला, तर नोंदीत ज्याचे नाव त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याला गाडी दिल्याची सूचना सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची सोय झाली आहे. ती नोंद करून तिची प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

बुजुर्गच का सापडतात?

अक्कल कमी म्हणून नव्हे. मास्तरांइतका हिशेबी माणूस आमच्या पेठेत नाही. पण त्यांच्या पिढीचा व्यवहार जबानीवर चालला. समोरचा "चाचा" म्हणाला की ते त्याला मुलासारखा समजतात आणि मुलाकडून पावती मागायला शरमतात. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. फोनवर आलेला आकडा समोरचा विचारतो, ते सांगून टाकतात. चार हेलपाटे घालण्याची ताकद नसते आणि घरी बिबी दवाखान्याची वाट पाहत असते. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण खरी आहे, पण गरज ओळखून तिचा भाव लावणाऱ्याचे काय?

शोरूमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीच्या विक्रीत विक्रेत्याला काही टक्केच सुटतात. मोठी जागा, पगार, बँकेचे व्याज, कंपनीने लादलेला माल हे सर्व त्याच्या डोक्यावर असते. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, ऍक्सेसरी आणि सर्व्हिसिंग यांतून होते. सेल्समनला महिनाअखेरचे टार्गेट असते आणि त्याचा पगार त्यावर ठरतो. हे आम्ही समजू शकतो, आम्हीही दुकानदार आहोत. नफा घेणे हलाल आहे. पण नफा आणि लबाडी यांच्यात फरक आहे. जे माहीत करून दिले आणि समोरच्याने राजीखुशीने घेतले तो नफा. जे लपवले, खोटे सांगितले किंवा भीती घालून गळ्यात मारले ती लबाडी.

हदीस ग्रंथांत हिब्बान इब्ने मुन्किज (रजि.) या मदिनेच्या सहाबींचा प्रसंग येतो. डोक्याला जखम झाल्याने त्यांच्या बोलण्यावर आणि समजुतीवर परिणाम झाला होता, पण व्यापार सोडवत नव्हता. लोक त्यांना सौद्यात ठकवीत. घरच्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन त्यांना व्यवहारापासून रोखण्याची विनंती केली. ते म्हणाले, "मला राहवत नाही." तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना बाजारातून हाकलले नाही. सौदा करताना फसवणूक चालणार नाही असे सांगत जा, अशी शिकवण दिली आणि घेतलेला माल तीन दिवसांत परत करण्याचा हक्क दिला. दुबळ्या माणसाला घरी बसवले गेले नाही, व्यवहाराच्या अटी त्याच्या बाजूने केल्या गेल्या. ही गोष्ट मुलांनी लक्षात घ्यावी. "अब्बा, तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही बसा" असे म्हणणे हा उपाय नव्हे.

फिकहच्या पुस्तकांत या विषयावर बारीक चर्चा आहे. हंबली फिकहमध्ये "मुस्तरसिल" म्हणजे भाव न जाणणारा आणि विश्वासाने घेणारा, अशा गिऱ्हाईकाला जबर जादा किंमत लावली तर सौदा मोडण्याचा हक्क आहे. उस्मानी काळातील "मजल्ला" या हनफी कायद्याच्या संग्रहात जबर तोटा कशाला म्हणावे याचे मापच दिले आहे. मालाला विसावा हिस्सा, जनावराला दहावा, घर-जमिनीला पाचवा. आणि त्यासोबत फसवणूक असेल तर सौदा रद्द करता येतो. मोटारीला माल धरले तर विसावा हिस्सा म्हणजे ५ टक्के. मास्तरांकडून रास्त ८,१४,२०० वर ६२,००० जादा घेतले, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. भारतातल्या कोर्टात हे माप चालणार नाही, पण आपल्या मनातल्या तराजूला ते पुरेसे आहे.

मास्तरांचे पुढे काय झाले

आम्ही आणि आमच्या पुतण्याने मिळून एक पत्र लिहिले. भांडणाची भाषा वापरली नाही. बिलातील एकेक ओळ, तिच्यासमोर सरकारी पावतीची रक्कम आणि फरक असे मांडले. प्रत शोरूमच्या मॅनेजरला, एक गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला. दोन आठवड्यांत आरटीओचा फरक, हँडलिंग आणि डॉक्युमेंटेशन मिळून २३,५०० रुपये मास्तरांच्या खात्यात परत आले. कोटिंग झाले होते, किट बसले होते, विमा निघाला होता. ते ३८,५०० गेले ते गेलेच. "सही तुमची आहे," असे उत्तर आले. मास्तरांनी पुढे तक्रार नेण्यास नकार दिला. म्हणाले, "बिबीला सोडून मी कुठे तारखा करू?"

ज्यांना तक्रार न्यायची आहे त्यांच्यासाठी वाट सोपी झाली आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, मराठीत बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, ५ ते १० लाखांच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये, वकील सक्तीचा नाही. तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. मुदत दोन वर्षांची. विम्याच्या सक्तीबद्दल विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबर आहे. आरटीओच्या नावाखाली जादा घेतले असेल तर आरटीओलाच लेखी कळवावे, कारण विक्रेत्याचा परवाना त्यांच्याकडूनच येतो. व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे की धंद्यासाठी घेतलेल्या गाडीला ग्राहक कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, घरच्या वापराच्या गाडीला मिळते.

घरातल्या बुजुर्गाबरोबर जाताना

१) पहिल्या भेटीत फक्त भाव लिहून घ्यावा, बुकिंग करू नये. प्रत्येक ओळ वेगळी, शिक्क्यासह. दुसऱ्या शोरूममधूनही तसाच कागद आणावा.

२) बुकिंगची रक्कम कमीत कमी द्यावी आणि रद्द केल्यास किती परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्यावे. मोटारीला आपल्या कायद्यात तीन दिवसांची मुभा नाही, ती लिहूनच मिळवावी लागते.

३) विम्याचे दोन दर बाहेरून आणावेत, नो क्लेम बोनसचे पत्र आधी काढावे.

४) "नियम आहे" असे ऐकले की "लेखी द्या" म्हणावे. बहुतेक नियम तिथेच संपतात.

५) पूर्ण पैसे देण्याआधी गाडी दिवसाच्या उजेडात पाहावी. चेसिस नंबर, बनल्याचा महिना आणि मीटरवरचे किलोमीटर कागदाशी ताडून घ्यावेत.

६) मुलगा परदेशात असेल तर कागदाचा फोटो त्याला पाठवावा आणि त्याचे उत्तर येईपर्यंत सही करू नये. मुलानेही पैसे पाठवून मोकळे होऊ नये.

शेवटी आपल्याच घरातली गोष्ट. मास्तरांचे बिल तपासत होतो त्याच आठवड्यात आमच्या दुकानी लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यातून एक आजोबा आले होते. नातीचे लग्न. भाव न करता म्हणाले, "सेठ, तुम्ही द्याल ते चांगलेच असेल." आमच्या नोकराने डोळ्याने खूण केली. ती खूण आमच्या बाजारात सर्वांना कळते, आम्हालाही कळते, आणि मागे कितीदा आम्ही तिच्याकडे डोळेझाक केली हे अल्लाहला ठाऊक आहे. त्या दिवशी मास्तरांचे पाकीट गल्ल्यावर पडलेले होते. आम्ही आजोबांना तोच भाव लावला जो घासाघीस करणाऱ्या शहरी गिऱ्हाईकाला लावतो.

सूरह मुतफ्फिफीन आपण सर्वांनी मदरशात पाठ केलेली आहे. घेताना पुरेपूर आणि देताना कमी, अशा लोकांना तिच्यात ताकीद आहे. मापात पाप फक्त गजात आणि तराजूत होत नाही. ज्याला भाव माहीत नाही त्याच्या अज्ञानाचे माप काढणे हेही तेच पाप आहे. मोटारवाल्यांकडून आपण हिशेब मागू, जरूर मागू. पण उद्या कोणाचा म्हातारा बाप आपल्या दुकानातून बिल घेऊन दुसऱ्याच्या दुकानी वाचून घ्यायला गेला, तर त्या कागदात काय निघेल, हेही प्रत्येकाने आज रात्री दुकान वाढवताना एकदा पाहावे.